न उचललेला हात

घणाच्या दांड्यात ठोकलेली पाचर अर्ध्या नखाएवढी वर आली होती, आणि तिच्याकडे बघताना त्याला वाटलं, आता घण उचलला तर वरचं लोखंड सुटेल आणि समोरच्याच्या तोंडावर जाऊन बसेल... समोर कोण? समोर नुसती भिंत होती, मोडायला काढलेल्या घराच्या न्हाणीघराची, निळसर फरश्यांची, टॉवेल अडकवायचा खिळा अजून तसाच. त्याने पाचर दगडाने आत ठोकली आणि पहिला घाव घातला. पाडकामात पहिला घावच काय तो जड जातो. भिंत एकदा तडकली की पुढचं तीच सोपं करून देते. माणसाचंही तसंच... नाही. आज तरी हे नको.

आज वर्ष झालं होतं. वर्षभर त्याने बायकोवर हात उचलला नव्हता.

हे कुणाला सांगायचं? शेजारी ड्रिल चालवणाऱ्याला सगळे गोळ्या म्हणत, कारण त्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असत आणि त्या वाटायला त्याला कुठलंही निमित्त चाले. स्कूटर दहा हजार किलोमीटर धावली, घ्या गोळी. ऑपरेशननंतर आई फाटकापर्यंत चालत गेली, घ्या गोळी. आज म्हणे त्याने न घाबरता दाढ काढून घेतली होती. गाल सुजलेला, आणि तशाच तोंडाने तो गोळ्या वाटत फिरत होता. ‘‘आपलं आपण नाही केलं तर कोण करणार?’’ तो म्हणाला, आणि मग सहजच, ‘‘तुझं काय विशेष?’’

काही नाही, असं म्हणून त्याने गोळी दाताखाली फोडली. काय सांगू? वर्षभर बायकोला मारलं नाही, तोंड गोड करा? या गोळ्याने बायकोला जन्मात बोट लावलं नसेल, त्याबद्दल त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या? — पण त्याला ते सोपं आहे. त्याच्या हातात ते नाहीच. माझ्या हातात आहे. खांद्यापासून उतरतं, कोपरात थांबतं, मुठीत गरम होतं, आणि मी ते तिथेच दाबून धरतो, भाजी खारट झाली तरी, ती उत्तर न देता उठून गेली तरी. रोज. हे काही कमी आहे का?... भिंत पडली. धुळीत त्याला क्षणभर काहीच दिसेना, आणि तेवढ्यात ते दिसलं.

कपाटाचं दार. त्या दारावर आपटलेलं तिचं डोकं. आवाज मोठा नव्हता, पिशवी ठेवल्यासारखा. पण त्या दिवसापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सात वर्षांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तो तिच्या हातून पडलाही नाही, नुसता वाकडा झाला आणि पाणी तिच्या पावलांवर सांडत राहिलं. दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला तर पट्टा सापडेना. शोधता शोधता मुलीच्या पलंगाखाली वाकला. तिथे लाटणं होतं, छत्री होती, त्याची जड चप्पल होती, इस्त्री होती — घरातलं जे जे हातात धरून मारता येईल ते सगळं तिने ओळीने लावून ठेवलं होतं, वर आपली चादर घातली होती. पट्टा नव्हता. तो ती दप्तरात घालून शाळेत घेऊन गेली होती.

तेव्हापासून नाही.

काम सुटल्यावर तो केकच्या दुकानात गेला. काचेमागची बाई हसून म्हणाली, काय लिहू? अभिनंदन लिहा, असं तो म्हणाला. कुणाचं, असं तिने विचारलं आणि क्रीमची पिशवी हातात धरून वाट बघत राहिली. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. ‘‘नुसतं अभिनंदन,’’ तो शेवटी म्हणाला. रस्ताभर त्याने खोकं छातीशी धरलं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला आपण कुणीतरी बरा माणूस आहोत असं वाटत होतं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने खोकं टेबलावर ठेवलं, घसा साफ केला आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन सांगून टाकलं, की आज वर्ष झालं, म्हणून आणलाय. तिने घडी पुरी केली. चेहऱ्यावर काही हललं नाही. मुलगी मात्र पळत आली, खोक्यात डोकावली आणि आईकडे वळून म्हणाली, ‘‘आई, आपल्या शनिवारसारखं?’’

आईचा हात तिच्या खांद्यावर पडला. घट्ट.

‘‘कसला शनिवार?’’ त्याने विचारलं.

मग बायकोने मुलीला आपल्या मागे घेतलं, इतक्या सवयीने की तिला ते कळलंही नसेल, आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘‘आठवडा नीट गेला की आम्ही दोघी काहीतरी गोड खातो. शनिवारी. तुम्ही आंघोळीला गेलात की.’’

बावन्न शनिवार. तो साबण लावत होता तेव्हा, दाराच्या पलीकडे. माझ्या न मारण्याचा सण, आणि मलाच आमंत्रण नाही. मुठीत ते आलं, वर्षभरात आलं नव्हतं इतकं. टेबल उलटं करावं, केक भिंतीवर फेकावा, तिचा तो स्थिर चेहरा... त्याने पाहिलं, तिने चेहरा किंचित वळवला होता. उजवीकडे. जो कान आधीच गेला होता तो पुढे केला होता, उरलेला वाचवायला.

‘‘माझ्यामुळेच ना?’’ त्याचा आवाज फाटला. ‘‘मी सोडलं म्हणूनच ना?’’

‘‘तुम्ही काय सोडलंत ते तुमचं,’’ ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. ‘‘आम्ही आठवडा काढला, ते आमचं.’’

मग हातांना काय करावं सुचेना म्हणून त्याने खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली.

नळ सोडला. बादली भरू लागली. त्याने कपडे काढले नव्हते. धूळ अजून पापण्यांवर होती, आणि मुठी तशाच. सुटत नव्हत्या. बाहेर आधी काहीच नव्हतं. मग बशी ठेवल्याचा आवाज, चमच्याचा, मग मुलीचं काहीतरी कुजबुजणं — आणि हसू. घरात असं हसू असतं हे त्याला ठाऊक नव्हतं; आठ वर्षांच्या पोरीचं, नाकातून येणारं, न आवरणारं, आणि त्यात मिसळलेलं बायकोचं, लग्नाआधी ऐकलेलं.

बादली भरली. त्याचा हात सवयीने नळाकडे गेला आणि थांबला. नळ बंद केला, की आवाज थांबेल, आणि आवाज थांबला, की बाहेरचंही थांबेल. पाणी काठावरून सांडू लागलं, त्याच्या पायांवर आलं. रागाने त्याचे दात अजून आवळलेले होते, जावं आणि दार उघडून विचारावं, हसताय कशाला... आणि तरीही तो हात नळावर ठेवून, न फिरवता, श्वाससुद्धा हळू घेत उभा होता, अजून थोडं, अजून थोडं, त्यांचं होऊ दे.