चुना मळणारा दगड

मित्रांनो, मी चुना मळायच्या घाण्यातला एक जुना गोल दगड आहे. अंगाने भक्कम, मध्ये आरपार भोक. घोटावड्याजवळ पाथरवटांनी मला घडवले. सिमेंट सहज मिळत नव्हते, तेव्हा माझा भाव काय विचारता! भोकात लाकडी कणा, कण्याला बैल, आणि गोल चरात मी गरगर फिरायचो. खाली चुना आणि वाळू लोण्यासारखी मऊ व्हायची. बैलामागे डोंगरवाडीची तानुबाई चालायची. मी फिरलो तेवढीच तीही फिरली, पण कौतुक व्हायचे ते भिंतींचे.

१९५८ साली गावची शाळा बांधून झाली. चर बुजवला, बैल घरी गेले. ताबा द्यायच्या दिवशी भिवाजी गवंड्यांनी रिवाजाप्रमाणे थापी, ओळंबा, घमेली धुऊन हळदकुंकू वाहिले. मलाही वाहिले. मी फुशारून गेलो.

दुपारी तालुक्याचे साहेब आले. भिंतींवर हात फिरवून खूश झाले. मग त्यांना मी दिसलो.

"हा धोंडा अंगणात कशाला? मुले अडखळून पडतील. हा हलल्याशिवाय मी किल्ली घेणार नाही."

मला गाडीत चढवणे कठीण होते. भिवाजी खडी फोडणाऱ्या नथूला म्हणाले, "फोड त्याला."

नथूने घण उचलला. घण वर गेला आणि तिथेच थांबला.

"मिस्त्री, सकाळी हळद लावली आन् दुपारी घण घालू? आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

"मग काय करू? साहेब किल्ली घेत न्हाईत!"

तेवढ्यात तानुबाई पुढे आली. "पोरांच्या पान्याचा रांजण सारखा कलंडतोय नव्हं? ह्याला भिंतीकडंला निजवा. भोकात बूड बसंल."

पहारी लावून सगळ्यांनी मला व्हरांड्याच्या कडेला आडवे केले. वर रांजण ठेवला. हलवून पाहिला, तसूभरही डुलला नाही. साहेब हसले, किल्ली घेतली आणि पहिला पेला स्वतःच प्यायले.

मित्रांनो, 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण तुम्ही शाळेत जरूर शिका, पण तसे वागू नका. जुन्या वस्तूवर घण घालण्याआधी तिला दुसरीकडे ठेवून तरी बघा. मी आता सुखात आहे. दिवसभर गार पाणी अंगावर सांडते, पोरे गलका करतात.

बाजारच्या दिवशी, आता म्हातारी झालेली तानुबाई डोक्यावरची पाटी उतरवून इथे पाणी पिते. परवा माझ्यावर हात टेकून ती हसत म्हणाली, "तू बसलास बाबा. मला आजून डोंगर चढायचाय."