रिंगणीचा धूर घेतलेली दाढ

ऊस फोडला, हाडं चिरडली, एकदा तर माणसाच्या दंडाचा लचका तोडला, ती मी. कोडोलीच्या जयसिंगच्या खालच्या जबड्यातली डावी मोठी दाढ. सगळं आयुष्य मी त्याच्या तोंडात काढलं आणि त्याचाच जीव घ्यायची वेळ आणून बाहेर पडले. आता मी औषधाच्या एका लहान बाटलीत आहे. मोरीच्या आरशाखाली फळी आहे, तिथं घरातल्यांचे ब्रश असतात, त्यांच्या शेजारी. माझं डोकं अर्धं फुटलंय. उरलेला भाग काळा आणि पोकळ आहे. बघवत नसेल तर ऐका तरी.

जयसिंग सहा वर्षांचा असताना मी आले. सगळ्या दुधाच्या दातांच्या मागं, हिरडी फाडून वर आले. पोरगं तापलं, रडलं, जेवेना. त्याची आई शेवंताबाई. तिनं तोंडात बोट घालून मला चाचपलं आणि म्हणाली, "दुधाचीच हाय. पडंल आन दुसरी यील."

पहिला घाव हाच, आणि तो मायेनं घातलेला. मी पडून परत येणारी नव्हते. मी एकदाच येते आणि मरेपर्यंत पुरायची असते. पण पडणारच आहे म्हटल्यावर माझ्याकडं बघतं कोण?

तरी मी दांडगी होते. जयसिंग ऊस कधी कोयत्यानं सोलायचा नाही. कांडं तोंडात आडवं धरायचा, आम्ही चावा घ्यायचो, तो मान हिसडायचा आणि साल टरकन फाटून यायची. मटणाचं नळीचं हाड मी फोडायची. सोड्याच्या बाटलीचं टोपण मी उचकटायची. तरणा असताना उसाची गाडी आधी कुणाची रिकामी करायची यावरून गुऱ्हाळावर मारामारी झाली. एकानं जयसिंगला खाली पाडलं, छातीवर बसला आणि गळा आवळला. जयसिंगचे दोन्ही हात गुडघ्यांखाली अडकले होते. मग आम्हीच उरलो. सुळे घुसले, मागून मी मिटले, आणि दंडाचं मांस आमच्यात आलं. तो माणूस गुरासारखा ओरडला. रक्ताची ती खारट चव मला आवडली होती. ताकदीला तोटा नाही असं तेव्हा वाटायचं, त्यालाही आणि मलाही.

मला मारणारे मात्र लाठ्या घेऊन आले नाहीत.

जयसिंगचं काम गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं घालायचं. आगीपुढं घसा सुकतो, म्हणून दिवसभर गोड चहा. रस आटवायच्या काहिलीच्या कडेला चिकटलेली गरम खरवड येता-जाता तोंडात. काकवीत बोट बुडवून चाटायचं. माझ्या डोक्यावर बारीक खाचा आहेत. गूळ तिथं जाऊन बसायचा. मग डोळ्यांना न दिसणारे जंतू तो गूळ खायचे आणि माझ्यावर आम्ल सोडायचे. घास झाला की हल्ला, चहा झाला की हल्ला. लाळ मला धुवायला धावायची, तोवर पुढचा चहा. आणि जयसिंग झोपला की लाळही झोपायची. तेव्हा तर मला कुणी वालीच नसायचा.

सकाळी जयसिंग मिसरी लावायचा. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, आईच्याच डबीतली. बोट पुढच्या दातांवर फिरायचं, हिरड्यांवर फिरायचं, डोक्याला जरा तरतरी आली की चूळ. दात घासून झाले! ते बोट माझ्यापर्यंत कधी आलंच नाही.

माझ्या मुळाशी चिकट थर साचला, वाळून दगडासारखा झाला. त्याच्या धारेनं हिरडी सोलली. ती सुजली, जरा बोट लागलं तरी रक्त यायचं. जयसिंगनं ते थुंकलेलं रक्त बघितलं आणि खूश झाला. "रगात जातंय म्हंजे घाण निघतीया," म्हणाला.

त्याची मुलगी अक्षता तेव्हा बारावीत होती. तिच्या कॉलेजात दातांची तपासणी झाली. घरी येताना ती बापासाठी नवा ब्रश आणि पेस्ट घेऊन आली.

"पप्पा, रोज दोनदा घासायचं. सकाळी आणि झोपायच्या आधी. झोपायच्या आधी तर घासायचंच."

"रातच्याला?" जयसिंग हसला. "झोपंत कुणाला दाखवायचं हायेत दात?"

"रक्त येतं तुमच्या हिरडीतून. ते चांगलं नसतं. आणि मागच्या दाढा कोण घासणार?"

"आगं, ह्या दाढंनं माणूस फाडलाय मी. तिला ब्रश कशाला?"

शेवंताबाई उंबऱ्यात बसून मिसरी लावत होती. तिच्या तोंडात आता मोजकेच दात होते, ते पण हलणारे. "आमी कवा घासलं ब्रशानं? काय मेलो का?" ती म्हणाली.

अक्षता म्हणाली, "आज्जी, मेला नाहीस. पण भाकरी दुधात भिजवून खातीस."

म्हातारीनं तिला शेंगदाण्याची पाटी फेकून मारली. पाटी चुकली. दाणे अंगणभर झाले आणि तिघंही हसत वेचायला बसली. पेस्ट खिडकीत वाळून गेली. त्या ब्रशानं जयसिंगनं उसाच्या चरख्याच्या इंजिनाचे नट घासले. मी आतून बघत होते. इंजिनाचं नशीब माझ्यापेक्षा बरं.

माझ्या डोक्यात भोक पडलं होतं. वरून टाचणीच्या टोकाएवढं, आत खोली झालेली. थंड पाणी लागलं की कळ जायची. जयसिंग मग उजव्या बाजूनं चावायचा. एवढीच त्याची दवा.

ऐन हंगामात कृष्णातनं त्याला डिवचलं. कृष्णात काहिलीवर काम करायचा, दोस्तच त्याचा. हातात जाडजूड, गाठीचा ऊस घेऊन आला. "जयसिंगा, ह्यो सोलून दाखव. न्हाय तर आजपासनं तू म्हातारा."

"आण हिकडं."

मी ओरडत होते, नको. पण दाढेचं कोण ऐकतंय? त्यानं गाठच माझ्यावर घेतली आणि जबडा मिटला. काड् असा आवाज झाला. सगळ्यांना वाटलं ऊस मोडला. माझी अर्धी भिंत तुटून उसाच्या सालीबरोबर मातीत पडली होती.

त्या क्षणी माझी नस उघडी पडली. वारा लागला तरी सुरी फिरल्यासारखं व्हायचं. जयसिंगनं तंबाखूचा बार दाबला, लवंग दाबली, कापराची वडी दाबली. हिरडी भाजून निघाली. त्यानं भाकरीचं ताट भिंतीवर आपटलं. मधे आलेल्या कुत्र्याला लाथ घातली. स्वतःच्या गालावर स्वतःच मुठी मारल्या. अक्षता म्हणत होती, दवाखान्यात चला. तो म्हणत होता, "हंगाम संपू दे."

मग शेवंताबाई उठली. "कीड लागलीया. धूर दिल्याबिगर जायाची न्हाय."

गल्लीत कुणाची दाढ दुखली की शेवंताबाईकडं यायचं, हे ठरलेलं. परातीत पाणी, पाण्यात दगड, दगडावर लालभडक तापवलेला लोखंडाचा तुकडा. त्यावर तेल आणि रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या सुक्या बिया. वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं, आणि भोकात पपईच्या देठाची नळी. दुखणाऱ्यानं नळी तोंडात धरून धूर दाढेवर घ्यायचा. बिया तडतड उडायच्या. शेवटी मडकं उचललं की परातीच्या पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगताना दिसायचे.

जयसिंगनं तो कडू, जहरी धूर माझ्या उघड्या नसेवर घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खोकून खोकून त्याला ओकारी झाली. म्हातारीनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. "घे लेकरा, आनखी जरा घे."

मडकं उचललं. पाण्यात पांढरे किडे.

"बघ! केवढी कीड पडली बघ!"

एक-दोन दिवसांत दुखणं थांबलं. शेवंताबाईनं गल्लीभर सांगितलं. अक्षतानं दवाखान्याचं नाव सोडलं, कारण बाप खरोखर हसत जेवत होता.

दुखणं का थांबलं, ते एकट्या मला माहीत होतं. माझी नस मेली होती. मेलेल्याला दुखत नाही. घरात मढं सडतं तशी मी आतून सडत होते, आणि आत साचलेला पू माझ्या मुळांतून खाली, जबड्याच्या हाडात उतरत होता.

पहिल्यांदा गाल सुजला. कृष्णात म्हणाला, "काय रं, गालात ढेप ठेवलीस व्हय?" जयसिंग हसला, पण तोंड पुरतं उघडलं नाही. शेवंताबाईनं तव्यावर फडकं तापवून शेक दिला. सूज गालावरून हनुवटीखाली गेली, तिथून गळ्यावर. ताप चढला. जीभ वर उचलली गेली. लाळ गिळता येईना, ती ओठांतून गळायला लागली. आवाज घोगरा झाला, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा. ज्या गळ्याला एकदा माणसाच्या हातांनी आवळलं होतं, तो आता आतून आवळला जात होता.

भर दुपारी चुलवाणापुढं तो कोसळला. हातातली चिपाडं तशीच. कृष्णातनं त्याला टेंपोत घातलं. अक्षता आणि शेवंताबाई मागं बसल्या. कोल्हापूर येईपर्यंत जयसिंग पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, शिट्टीसारखा श्वास ओढत होता.

दवाखान्यात डॉ. अनुजा होत्या, जबड्याच्या ऑपरेशनवाल्या. त्यांनी एकदा गळ्याला हात लावला आणि ओरडल्या, "याला आडवं करू नका! बसवूनच आत घ्या. श्वास बंद होईल."

"पण दाढंचं तर दुखणं हाय न्हवं?" शेवंताबाईनं विचारलं.

"दाढेचंच आहे, आजी. दाढेनंच मरतोय हा."

नाकातून श्वासाची नळी घातली. मग सुरी. हनुवटीच्या खाली एक घाव, जबड्याच्या कडेला दुसरा. चिमट्याची टोकं मांसात घालून आत वाटा पाडल्या, आणि घाण वासाचा पू भसकन बाहेर आला. मग माझी पाळी. पक्कड माझ्या मानेला बसली. मी तिथं जवळजवळ चाळीस वर्षं रुतून होते. त्यांनी मला बाहेर ढकललं, आत ढकललं, पिळलं. एक मूळ कडकन मोडलं. ते खणून काढलं. मी बाहेर आले तेव्हा माझ्या बुडाला पूची पिशवी लोंबत होती.

जयसिंग वाचेल की नाही, हे लगेच कुणी सांगेना. अक्षता मला बाटलीत घेऊन बाकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. "सूज उतरतीय. वाचला."

शेवंताबाईनं खाली बसून भुईला डोकं टेकलं. डॉक्टरही तिच्याशेजारी बसल्या. "आजी, हा सुरुवातीला आला असता तर बारीक खड्डा भरून भागलं असतं. मोडल्यावर लगेच आला असता तरी दाढ वाचवता आली असती. अक्षता म्हणते, धूर घेतला होता. कुणी दिला?"

"मी. कीड पडली की. डोळ्यांनं बघितलीया."

"दाढेत किडे नसतात, आजी. ते बियांच्या आतले पांढरे कोंब असतात. तापलं की फुटून उडतात."

"मी खोटी व्हय?" म्हातारी उसळली. "अख्ख्या गल्लीची कीड काढलीया मी! तुझ्या वयाच्या बाया हायेत गल्लीत, इचार त्यास्नी!"

घरी आली ती याच रागात. डॉक्टरीणबाईला खोटं पाडायचं होतं. भर उन्हात अंगणात परात मांडली, लोखंड तापवलं, बिया टाकल्या, मडकं पालथं घातलं. नळी मात्र कुणाच्याच तोंडात दिली नाही. धूर मोकळ्या हवेत जात होता. अक्षतानं तेव्हा माझी बाटली तुळईच्या खुंटीला टांगली होती, तिथून मी बघत होते.

तडतड थांबली. तिनं मडकं उचललं.

पाण्यात पांढरे किडे तरंगत होते.

तिनं त्यातला एक बोटावर घेऊन निरखला. मग कुणालाच नाही असं विचारलं, "ही कुणाच्या तोंडातली?"

म्हातारी आत गेली, वरवंटा घेऊन आली आणि मडक्यावर घातला. खापऱ्या अंगणभर उडाल्या. पपईची नळी तिनं पायाखाली चिरडली. आणि त्या खापऱ्यांत बसून, ज्यांच्या ज्यांच्या दाढांना धूर दिला त्यांची नावं घेत राहिली. त्यातली काही माणसं आता नव्हती.

जयसिंग घरी आला. गळ्यावर दोन व्रण आहेत, दाढी केली की लाल दिसतात. झोपायच्या आधी तो आरशापुढं उभा राहून घासतो, पार मागपर्यंत, तोंड वाकडं करून. "झोपंत कुणाला दाखवतोय कुणास ठावं," असं अजून पुटपुटतो, पण घासतो. दातांवरचा दगड त्यानं दवाखान्यात काढून घेतलाय, हिरडीचं रक्त थांबलंय. शेवंताबाईची मिसरी मात्र पुरती सुटलेली नाही. डबी कनवटीला असते. कधी उघडते, माझ्या बाटलीकडं बघते, परत मिटते. कधी मिटत नाही.

परवा कृष्णात गाल धरून आला. "मावशी, वाईच धूर दे की."

म्हातारीनं त्याची हनुवटी पकडली. "आ कर." बघितलं. "ऊठ. दवाखान्यात चल."

"तितं सुई टोचत्यात, मावशी."

"माझ्या पोराचा गळा चिरलाय तितं. तुला सुईचं भ्या वाटतंय व्हय रं? चल, मी येते संगं."

आणि पदर खोचून ती पुढं चालायला लागली.

माझं काही उरलेलं नाही. फुटलेलं डोकं, मोडलेलं मूळ, एवढंच. पण हे वाचून झालं की आरशापुढं जा. तोंड मोठं उघडा आणि अगदी मागं बघा. जिथं तुमचं बोट जात नाही आणि ब्रश घाईत पोचत नाही, तिथं. खाचेत काळा ठिपका दिसला, हिरडी लाल दिसली, तर दुखायची वाट बघू नका. आणि दुखून थांबलं असेल, तर मुळीच वाट बघू नका.

बाटलीतल्या माझ्यासाठी हळहळू नका. तुमच्या तोंडात मी अजून जिवंत आहे.