वयाच्या रकान्यात वजन

माझा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे, आणि डॉक्टर म्हणून तो सोन्यासारखा आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की बहिणीला कौतुकच नाही. कौतुक आहे, पण त्याला कोरा कागद दिसला की जांभई येते. घरात आम्ही त्याला छोट्या म्हणतो. डोक्यावरचे केस गेले तरी छोट्याच.

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जनावराचा एक कागद भरावा लागतो. मालक कोण, वय किती, वजन किती, झालं काय, दिलं काय. इतकी वर्षं हे काम माझी भावजय करायची. मग तिला नोकरी लागली. "मी तुमची बायको आहे, कारकून नाही," असं सांगून ती कामाला गेली. छोट्या म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि त्या दिवसापासून त्याने एकही कागद भरला नाही. कुणी विचारलं की कपाळावर बोट ठेवून म्हणायचा, "सगळं इथे आहे."

वर्ष असंच गेलं आणि वरून पत्र आलं. परवाना संपतोय, शनिवारी तपासनीस येईल, कागद पुरे नसतील तर संध्याकाळी पाचनंतर दवाखाना बंद. तेव्हा साहेबांना बहीण आठवली.

"ताई, जरा येतेस का गं?" फोनवर त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बंद झालं तर खाद्याच्या कंपनीत जागा आहे म्हणे. पोती विकायची."

ज्याच्या हाताखाली चावरं कुत्रंही गप्प पडून राहतं, त्याने पोती विकायची? मी तशीच पिशवी भरून निघाले.

माझा जन्म शाळेच्या कचेरीत गेलाय. मला वाटलं, दोन दिवसांत फडशा पाडू. पण कोऱ्या कागदांचा गठ्ठा जसाच्या तसा होता, दोरीसुद्धा सुटली नव्हती. नोंदी होत्या, पण त्या औषधांच्या खोक्यांवर, कॅलेंडरवर, विजेच्या बिलामागे आणि दिव्याच्या बटणाशेजारी भिंतीवर. "तांबडा, चावरा." "शेळी, पुन्हा पोट." "मांजर, तीच."

"तीच म्हणजे कुठली?"

"तीच गं. परत आलेली."

मी कपाळाला हात लावला. माणसांची नावं तर त्याला आठवतच नव्हती.

मार्ग सापडला तो शेजारच्या शिंपीणबाईंमुळे. त्या आपल्या मांजरीची नखं कापून घ्यायला आल्या. छोट्याने तिच्या पोटावर हात ठेवला मात्र, आणि गडी बोलायला लागला. कधी उलट्या झाल्या, कुठलं औषध दिलं, किती दिलं, तिने त्याला कुठे बोचकारलं, सगळं घडाघडा. हात लागला की त्याला सारं आठवत होतं! मग काय, मी छोट्याचा फोन घेऊन बसले आणि त्यात नंबर असलेल्या सगळ्यांना एकच निरोप दिला. शनिवारी सकाळी जनावरासकट या.

मला वाटलं होतं, निम्मे येतील. झाडून सगळे आले.

बाकांवर माणसं, बाकांखाली कुत्री, खिडकीत पिंजरे, दारात शेळी. मी कुत्री एकीकडे बसवली, मांजरी दुसरीकडे, आणि शाळेसारखी हजेरी घ्यायला लागले. पोपटवाल्याचा पोपट प्रत्येक नावाला ओ द्यायचा. एका सशाने मालकिणीच्या पर्समध्येच कार्यक्रम उरकला. पण काम मार्गी लागलं. जनावर टेबलावर यायचं, छोट्या हात ठेवून बोलायचा, आणि बेकरीवाला लिहायचा. बेकरीवाल्याला मी निवडलं, कारण त्याचं अक्षर स्वच्छ होतं आणि त्याचा कुत्रा म्हातारा असल्यामुळे गडबड करत नव्हता.

तपासनीस पाचच्या थोडा वेळ आधी येईल असा माझा अंदाज होता. तो दुपारीच दारात उभा! इस्त्रीचा शर्ट, काखेत पिशवी, पिशवीत शिक्का.

"मला कागद शांतपणे बघायला आवडतात, म्हणून लवकर आलो," तो म्हणाला, आणि शेळीला वळसा घालून आत आला.

छोट्याची पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "बसा साहेब, कागद तयार होतायत." तो बेकरीवाल्याच्या शेजारी बसला. मग त्याची मान हळूहळू कागदाकडे वळली.

"अहो, हे काय करताय? वयाच्या रकान्यात वजन लिहिलंत तुम्ही."

"आकडाच आहे ना? लागेल कुठेतरी," बेकरीवाला म्हणाला.

तपासनीसाचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्या पायावर टेबल ठेवलंय. पुढच्या कागदावर बेकरीवाल्याने मालकाच्या जागी कुत्र्याचं नाव लिहिलं. त्याच्या पुढच्या कागदावर औषधाच्या जागी "बरं आहे आता" लिहिलं. तिथे त्या बिचाऱ्याचा धीर सुटला.

"आणा इकडे!"

पेन हातात आलं आणि माणूसच बदलला. बाह्या सरसावल्या, कागदाच्या कडा जुळवल्या, आणि जे लिहीत सुटला! छोट्या बोलतोय, हा उतरवतोय. मधूनच म्हणायचा, "डॉक्टर, हळू. मांजर झाली, आता कोण?" मी कचेरीत इतकी वर्षं काढली, पण लिहिताना कुणाला एवढं सुख झालेलं बघितलं नव्हतं. शेळीसुद्धा झाली. बेकरीवाल्याचे सकाळपासूनचे कागदही त्याने नव्याने उतरवले. रांग संपली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तपासनीसाने समाधानाने शिक्का काढला, पहिल्या कागदावर धरला आणि तसाच थांबला. चेहऱ्याचा रंग उडाला.

"हे सगळं माझ्याच अक्षरात आहे," तो म्हणाला.

"सुंदर आहे की मग," शिंपीणबाई म्हणाल्या.

"अहो बाई, स्वतः लिहिलेले कागद स्वतःच तपासता येत नाहीत! नियम आहे. मी यावर शिक्का मारूच शकत नाही." त्याला खरोखर रडू येत होतं. "काय करून बसलो मी हे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडू कुणावर? एवढ्या मायेने दवाखाना बुडवणाऱ्यावर?

"उतरवून काढू," मी म्हटलं. "छोट्या, बस. तुझ्या हाताने लिही सगळं. वेळ आहे अजून."

छोट्या बसला. पेन धरलं. आणि तेवढ्यात न्हाव्याची कुत्री ओसरीत आडवी पडून कण्हायला लागली. तिचे दिवस भरले होते, आणि मी शहाणीने तिलाही हजेरीला बोलावलं होतं.

छोट्याने कुत्रीकडे बघितलं, मग कागदांकडे, मग माझ्याकडे.

"ताई, पिल्लू आडवं असलं तर ती मरेल."

"आणि दवाखाना?"

त्याने पेन खाली ठेवलं, कुत्रीला उचललं आणि आतल्या खोलीत गेला. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर अभिमान वाटला. डोळे भरले माझे, खोटं कशाला सांगू?

मग मी वळले. "काय बघताय? ज्याने त्याने आपल्या जनावराचा कागद घ्या आणि कोऱ्यावर उतरवा! चूक झाली तर माझ्याशी गाठ आहे."

सगळे खाली बसले. कुणी बाकावर, कुणी पिंजऱ्यावर, कुणी कुत्र्याच्याच पाठीवर कागद ठेवून लिहायला लागलं. तपासनीस रांगेतून फिरत होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. कुणी चुकलं की नुसता कळवळायचा, "वय... वय वरती..." पण पेनाला शिवला नाही.

"एकाच अक्षरात हवं असा काही नियम?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटून आठवलं. "नाही. फक्त सही डॉक्टरांची हवी."

सह्या मी आत नेऊन घेतल्या. छोट्याचा उजवा हात कामात होता, त्याने डाव्या हाताने केल्या. कशा आल्या ते विचारू नका. त्याच्या नेहमीच्या सहीपेक्षा बऱ्या आल्या.

पाचाला थोडा अवकाश असताना शेवटचा शिक्का पडला आणि तपासनीसाने घाम पुसला. आमचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात छोट्या बाहेर आला, घामाघूम, हातात टॉवेल.

"चार," तो म्हणाला. "चारही जिवंत. आई पण." परवान्याचं त्याने विचारलंसुद्धा नाही. न्हावी त्याच्या गळ्यातच पडला.

मी चार कोरे कागद टेबलावर ठेवले. तपासनीसाचा हात आपोआप पुढे आला. मी त्याच्याकडे बघितलं. हात मागे गेला.

"मी लिहितो," छोट्या म्हणाला.

तो बसला. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो, आणि त्याने एक अख्खा कागद स्वतःच्या हाताने भरला. एकेक रकाना. वयाच्या जागी वय, वजनाच्या जागी वजन. लिहून झाल्यावर बोटं मोडली, उरलेल्या तीन कागदांकडे बघितलं, आणि अगदी भाबड्या चेहऱ्याने विचारलं, "बाकीचे उद्या लिहिले तर चालतील ना?"

"नाही!" सगळा दवाखाना ओरडला, आणि सगळ्यात मोठा आवाज तपासनीसाचा होता.