बाईसाहेबांची कात

“बाबा, काटा किती दाखवतोय?”

“नव्वद.”

“नव्वद? परत सगळीकडे पाणी शिंपडलंत ना?”

फोनवरच चोरी पकडली गेली होती. तीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री मारलेला माणूस तो. कापड किती दमट हवं हे त्याच्या हाताला कळायचं, त्यामुळे ओलावा मोजणाऱ्या भिंगाएवढ्या त्या काट्यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. सकाळी उठून त्याने सवयीने काचेच्या पेटीभर पाणी शिंपडलं होतं. आतली तळहाताएवढी केसाळ कोळीण, टॅरंटुला, लेकीच्या भाषेत ‘बाईसाहेब’, ओल्या मातीवर पाय टेकवायला तयार नव्हती. ती काचेला चिकटून बसली होती.

“ती काय चादर आहे, शिंपडून गुंडाळून ठेवायला? एकच कोपरा ओला ठेवायचा. वाटीत पाणी, वरची जाळी मोकळी. आणि उताणी पडली तर मेली समजून हात लावू नका. कात तशीच टाकतात.”

“बरं बाई.”

लेक दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. फोन महिन्याकाठी एखादा, तोही घाईत. यंदा घर बदलायचं म्हणून ती पेटी बापाकडे ठेवून गेली, आणि आठवड्याभरात बाईसाहेबांनी अन्न सोडलं, पोट काळवंडलं. कात जवळ आली होती. आता कात टाकून दात टणक होईपर्यंत प्रवास बंद. तेव्हापासून रोज सकाळी आठला फोन वाजायचा. बायको गेल्यापासून त्या घरात आठ वाजायची वाट कुणी पाहिली नव्हती.

एका मंगळवारी तो कामावरून आला तर बाईसाहेब उताण्या पडलेल्या. त्याने पंखासुद्धा लावला नाही. स्टुलावर दोन तास बसून राहिला. जुन्या अंगातून एकेक पाय हळूहळू सुटत गेला आणि शेवटी ती नवीकोरी होऊन बाजूला झाली. शेजारी कात पडली होती, आठही पायांची, केसन्‌केस जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी त्याने ती चिमट्याने उचलून इस्त्रीच्या रुमालावर ठेवली.

लेकीला सांगायला त्याने फोन हातात घेतला होता. मग खाली ठेवला. सांगितलं की आठचा फोन गेला, हे त्याला लख्ख दिसत होतं.

“टाकली का?”

“अजून नाही.”

रोज तेच. कोपरा तो नेमाने ओला करत होता, पाणी बदलत होता. दात टणक होईपर्यंत खायला द्यायचंच नव्हतं, त्यामुळे पाप जे काय होतं ते जिभेचं.

बाराव्या दिवशी लेक म्हणाली, “बाबा, इतके दिवस नाही लागत हो. ती आत अडकली असेल. मरेल ती.” आणि ती रडायलाच लागली.

त्याचं अवसान गळालं. “अगं, टाकली. कधीच टाकली. छान आहे ती. मीच बोललो नाही.”

“का?”

उत्तर ओठांपर्यंत आलं होतं.

“विसरलो,” तो म्हणाला.

“बरं. रविवारी येते मी.”

रविवारी त्याने तिच्या खोलीतल्या चादरीला दोनदा इस्त्री केली. दहाला बेल वाजली. दारात एक ड्रायव्हर उभा होता, हातात कापूस लावलेलं खोकं.

“ताईंना सुट्टी नाही मिळाली. मला पाठवलंय.”

“हो का. या ना, पाणी घ्या.” त्याने स्वतःच पेटी पुसली, झाकण दोनदा तपासलं, खोक्यात अलगद बसवली. “खड्डे जपून हं. आणि उन्हात गाडी उभी करू नका.”

“नाही करत, काका. आणि ताई म्हणाल्या, ती कातही द्या. त्यांना ठेवायचीय.”

कात कपाटात होती, त्याच्या शर्टांच्या घडीवर, रुमालात. त्याने तिकडे पाहिलं नाही.

“मोडली म्हणावं ती,” तो म्हणाला, आणि खोक्याची दुसरी बाजू धरून ड्रायव्हरबरोबर जिना उतरू लागला.