फर्स्ट बेसवरचा पाय

उंच पोरगी दिसली रे दिसली की लोक म्हणतात, हिला फर्स्ट बेसला उभी करा. जसं काही तिथे पंखे पुसायचेत! मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते आणि संध्याकाळी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, त्यामुळे न बघता बोलणाऱ्यांचा मला दुहेरी राग आहे. पळणारी पोचायच्या आत बेसला पाय टेकवून चेंडू पकडला की ती बाद, म्हणून फर्स्ट बेसला उंची लागते, कबूल. पण त्याहून जास्त लागतं डोकं. चेंडू एकीकडून येतो, पळणारी मुलगी दुसरीकडून येते, आणि दोघांनाही थांबायची सवय नसते.

आमची फर्स्ट बेसवाली, पोरी तिला टॉवरच म्हणायच्या, उंच होती. डोकंही होतं. हात तर असे, की चेंडू ग्लोव्हमध्ये गेला की जणू झोपायलाच गेला. अडचण एकच. बाईसाहेब बेसच्या मधोमध अख्खं पाऊल रोवून उभ्या राहायच्या.

आता आमच्याकडे फर्स्ट बेस दोन रंगांचा असतो. पांढरा भाग पकडणारीचा, केशरी भाग पळणारीचा. टक्कर होऊ नये म्हणून केलेली सोय. पकडणारीने पांढऱ्याच्या आतल्या कडेला नुसता चवडा टेकवायचा. चेंडू कुठे येतोय ते आधी बघायचं, मग दुसरा पाय पुढे टाकायचा. आणि थ्रो वाकडा आला तर बेस गेला खड्ड्यात, सोडायचा आणि चेंडूमागे जायचं. एवढं साधं आहे. मी हे इतक्यांदा सांगितलंय की आमच्या घरी मांजरालासुद्धा पाठ असेल.

सरावाच्या सामन्यात थ्रो आला पळणारीच्या वाटेवर. टॉवरने पाय काही सोडला नाही. तिथूनच वाकली, हात लांब केले, आणि समोरून भरधाव आलेली पोरगी तिच्यावर धाडकन आदळली. दोघी आडव्या. दुसरी उठली, कपडे झटकले, पळाली. टॉवर उठेना. तिचा घोटा बघता बघता टम्म फुगला.

नेमके त्याच वेळी तिचे बाबा तिला न्यायला आले होते. ते रंगारी. कोपरापर्यंत पांढरा रंग, कानाच्या पाळीलाही थोडा. त्यांनी लेकीला उचललं आणि मला म्हणाले, "बास झालं, ताई. उद्यापासून ही येणार नाही."

तोवर टॉवर गप्प होती. हे ऐकलं मात्र आणि तिने जो गळा काढला! घोट्यासाठी नाही हो, खेळासाठी. "बाबा, नको ना! बाबा, मला खेळायचंय!"  मी म्हटलं, "दादा, चूक तिची नाही, अजून सवय नाही झाली. घोटा बरा झाला की मी तिला नीट शिकवते. पुढच्या सामन्याला तुम्ही स्वतः या आणि बघा."

त्यांनी लेकीला हातांवर नीट सावरून घेतलं. मग म्हणाले, "एक सामना. पण त्यात एकदा जरी पडली, तरी तिथूनच घरी. मग विनवण्या नकोत."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

घोटा बरा झाला आणि आम्ही कामाला लागलो. तोंडी विचारलं की टॉवर घडाघडा सांगायची. "चवडा आतल्या कडेला, आधी चेंडू बघायचा, वाकडा आला तर सोडायचा." शाब्बास! मग मी मुद्दाम वाकडा चेंडू टाकायचे, आणि बाईसाहेब जागच्या जागी. कंबरेतून वाकतील, मान मोडेपर्यंत ताणतील, पण पाय? छे! पालथ्या घड्यावर पाणी.

"अगं, खिळा ठोकलाय का पायाला?" मी ओरडायचे.

"नाही ताई," असं म्हणायची आणि खाली बघायची. तिलाही कळत नव्हतं. तिचे डोळे भरून यायचे, मग मला माझाच राग यायचा, आणि तो मी पुन्हा तिच्यावरच काढायचे. शिकवण्याची ही काही बरी पद्धत नाही, पण माझी तीच आहे.

एका सुट्टीच्या दिवशी ती सरावाला आलीच नाही. मी फोन केला तर तिची आई म्हणाली, बाबांबरोबर कामावर गेलीय, इथेच पलीकडच्या गल्लीत. मी तरातरा निघाले. डोक्यात भाषण तयार होतं.

दार उघडंच होतं. हॉलभर जुने कागद अंथरलेले, सोफ्यावर चादर, ओल्या रंगाचा वास. बाबा शिडीच्या वरच्या पायरीवर, छताच्या कोपऱ्यात ब्रश फिरवत होते. खाली टॉवर. एक पाय शिडीच्या तळाशी गच्च रोवलेला, दोन्ही हात बाजूच्या दांड्यांवर, नजर वर.

"काय गं, सराव विसरलीस?" मी दारातूनच म्हटलं.

तिने मानसुद्धा वळवली नाही. तिचा फोन खिडकीत वाजला, वाजून थांबला. छतावरून रंगाचा थेंब तिच्या नाकावर पडला. ती पुसायलाही हलली नाही.

वरून बाबा म्हणाले, "पाय?"

"आहे," ती म्हणाली.

ते आणखी जरा पुढे झुकले. "पाय?"

"आहे."

माझं भाषण घशातच राहिलं. हात्तिच्या! एवढे दिवस मी जिच्यावर तोंडसुख घेत होते, तिला कुणीतरी माझ्याआधीच शिकवून ठेवलं होतं, आणि माझ्यापेक्षा पक्कं शिकवलं होतं.

बाबा खाली उतरले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. ते ब्रश हातात धरून ऐकत राहिले. म्हणाले, "लहान होती तेव्हापासून सांगत आलोय. आभाळ कोसळलं तरी पाय हलवायचा नाही. एकदा फरशी ओली होती, शिडी सरकली. हिने पाय नसता दिला तर आज मी तुमच्याशी बोलत नसतो."

"तिकडे बरोबरच आहे दादा. पण मैदानावर हाच पाय ती मोडून घेईल."

"आणि तुम्ही तिला सोडायला शिकवलंत, आणि मी वर असताना तिने सोडला तर?"

  टॉवर आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी बाबांनीच ब्रश पाण्यात टाकला. "कितीला असतो सराव?"

ते आले आणि त्यांनी स्वतः चेंडू टाकले. सरळ टाकला की गप्प राहायचे. वाकडा टाकला की त्यांनी "सोड!" म्हणायचं, असं ठरलं. पण पहिल्या वाकड्या चेंडूला त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला "सो…" एवढंच आलं आणि ते खोकत बसले. पोरी फिदीफिदी हसल्या. मग कसाबसा तो शब्द बाहेर पडला, आणि टॉवरचा पाय बेसवरून निघाला. निघाला हो! ती स्वतःच दचकली आणि चेंडू पायावर घेऊन बसली. पण त्यानंतर रोज बाप घसा फोडायचा आणि लेक धावायची.

सामन्याच्या दिवशी अंपायरने आधीच बजावलं, बाहेरून खेळाडूंना कुणी सूचना द्यायच्या नाहीत. झालं! बाबा मैदानाच्या कडेच्या जाळीपाशी उभे राहिले, दोन्ही ओठ मिटून. मी तिच्या तोंडावरच्या बचावाच्या जाळीचा पट्टा घट्ट केला आणि म्हटलं, "आता तूच बघायचं आणि तूच ठरवायचं." तिने मान हलवली. 

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. त्यांच्या दोघी बाद, एक दुसऱ्या बेसवर. आणखी एक आऊट की सामना आमचा. चेंडू टोलवला गेला तो थेट आमच्या थर्ड बेसच्या मुलीकडे. तिने छान अडवला आणि घाईघाईत फेकला, तो मात्र पार वाकडा, दुसऱ्या बेसच्या अंगाला. चेंडू मागे गेला असता तर त्यांच्या दोघी होम प्लेटला पोचून दोन धावा झाल्या असत्या, म्हणजे सामना गेलाच.

 टॉवरने चेंडू बघितला. एक क्षण तिचा पाय तिथेच होता, देवाशपथ सांगते, तो क्षण मला जन्मभर पुरेल. मग ती बेस सोडून निघाली आणि सरळ झेपावली. मातीत घसरत गेली आणि चेंडू ग्लोव्हमध्ये. पळणारी केशरी भागावरून बिनधोक निघून गेली. दुसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे सुटलेली मुलगी घाबरून तिसऱ्या बेसवर परतली.

"अगं, बेस कशाला सोडला हिने!" कुणाची तरी आई माझ्या मागे कळवळली. "सामना जिंकलो होतो ना!"

"बरोबर सोडला!" बाबा गर्रकन वळून गरजले. "एकदम बरोबर सोडला!" अंपायरने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

पुढच्याच पोरीने चेंडू थेट कुंपणाला लावला आणि आम्ही हरलो. असो. हरलो तर हरलो.

पोरी हिरमुसून पाणी प्यायला गेल्या. टॉवर मात्र हळूहळू बाबांकडे आली, ग्लोव्ह गुडघ्यापुढे धरून. गुडघा सोलून निघाला होता.  "बाबा," ती म्हणाली, "मी पडले."

मी वकिली करायला तोंड उघडलं, तोच बाबा खाली बसले. त्यांनी ग्लोव्ह बाजूला केला, गुडघा बघितला, फुंकर घातली. "याला पडणं म्हणतात होय? तू तर आपणहून खाली गेलीस. त्यात काय? परवा सरावाला यायचं." मग उठून मला म्हणाले, "शिडीला मी दुसरा माणूस बघतो, ताई. दोन्हीकडचं हिच्या डोक्यात नको."

मला वाटलं, पोरगी आनंदाने उडी मारेल. कसलं काय! ती एकदम भडकली. माझ्यासमोर कधी आवाज न चढवणारी पोरगी बापावर ओरडली.

"दुसरा कशाला? मला कळत नाही का? तिथे वर तुम्ही असता, बाबा! इथे नुसता बेस असतो."

  बाबांनी तिच्या हातातला ग्लोव्ह घेतला, त्यातली माती उगाचच झटकत राहिले, आणि मीही दुसरीकडे बघत बॅटा गोळा करायला लागले.