कडक काकांचा आकडा

शनिवारी दुपारी चार वाजले की शहरातले निम्मे लोक न्यायाधीश होत आणि उरलेले निम्मे त्यांचे वाभाडे काढायला फोन करत. रेडिओवरचा 'तुमचा निकाल' हा कार्यक्रम असा दोन्ही बाजूंनी धडाक्यात चालत असे. त्या शनिवारी तर विचारायलाच नको. एका श्रीमंत आरोपीला कोर्टाने फारच हलकी शिक्षा दिली म्हणून आठवडाभर गाव पेटलं होतं. दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेला माणूससुद्धा हातवारे करून मत मांडत होता.

"आज बोर्ड जळणार!" कंट्रोल रूमच्या काचेपलीकडून मफलर ओरडला. मफलर म्हणजे साउंड सांभाळणारा. एसीच्या भीतीने तो भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसे. कार्यक्रमाची धून अजून वाजतच होती आणि त्याच्यासमोर फोनचे सगळे दिवे लुकलुकायला लागले होते.

निवेदिकेने हेडफोन चढवले. तिच्याही पायांना थारा नव्हता. अशा दिवशी माइकसमोर बसायला मिळावं म्हणून तर तिने बँकेतली सुखाची नोकरी सोडली होती.

कार्यक्रमाची रीत ठरलेली होती. कार्यक्रमासाठी नेमलेल्या वकीलबाई निकाल लागलेला एखादा जुना खटला निवडत, नावं-गावं काढून टाकत आणि त्याची दोन पानं करत. पहिल्या पानावर नुसता गुन्हा, वर्तमानपत्रात छापून येतो तसा. ते वाचलं की पहिला फोन घ्यायचा आणि त्या माणसाला विचारायचं, किती वर्षं? त्याने आकडा सांगितला की त्याला लाइनवरच धरून ठेवायचं. मग दुसरं पान, म्हणजे कोर्टाने जे ऐकलं ते सगळं. मग बाकीच्यांची हाणामारी. शेवटी पहिल्या माणसाकडे परत यायचं: आकडा तोच, की बदलायचा? त्यानंतर पाकीट फोडून कोर्टाची खरी शिक्षा जाहीर. आवाज कुणाच्या बाजूला झुकू नये म्हणून निवेदिकेला यातलं एकही पान आधी दाखवत नसत, आणि एकदा वाचायला घेतलं की एक अक्षर गाळायचीही मुभा नव्हती.

पहिला फोन कुणाचा, हे मात्र सगळ्या गावाला पाठ होतं. कडक काकांचा! धून संपायच्या आत ते नंबर फिरवत आणि आकडा असा सांगत की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. सायकलचोराला त्यांनी एकदा सात वर्षं ठोठावली होती. लोक त्यांच्यावर चिडत, हसत आणि दर शनिवारी त्यांची वाट बघत.

कडक काका म्हणजे निवेदिकेचे वडील, हे मात्र रेडिओ स्टेशनात कुणाला माहीत नव्हतं. आयुष्यभर तिकीट तपासनीस म्हणून काम केलेला माणूस. विनातिकीट प्रवाशाचं एकही कारण त्यांनी कधी खरं मानलं नव्हतं. शनिवारी ते आतल्या खोलीचं दार लावून फोन करत, लेकीला रेडिओवर "बाई" म्हणत आणि रात्री जेवताना तिलाच तक्रार सांगत, "आज त्या बाईने माझं बोलणं मध्येच तोडलं."

"कोणत्या बाईने, बाबा?"

"आहे एक. आईबापांनी वळण लावलेलं दिसत नाही."

आई तोंडाला पदर लावून हसे. घरात हसायला तेवढी एकच जागा उरली होती. धाकट्या भावाचं नाव काढायची सोय नव्हती. तो तुरुंगात होता आणि पुढच्या महिन्यात सुटणार होता. आईने एकदा भीत भीत त्याच्या खोलीचा विषय काढला, तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचे सगळे खोके उतरवून त्या खोलीत छतापर्यंत रचले. "विषय संपला," म्हणाले. बाबांनी एकदा तोंडातून काढलेला शब्द परत घेतल्याचं घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"लाइव्ह!" मफलरने बोट दाखवलं.

तिने पहिलं पान उचललं आणि खणखणीत आवाजात वाचलं. एक तरुण मालकाला न विचारता त्याचा टेम्पो घेऊन बाहेर पडतो. भरधाव वेगात वळणावर ताबा सुटतो. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक बसते. तरुण गाडी टाकून पळून जातो. बाईंचा पाय कायमचा जातो.

तिची नजर पुन्हा 'टेम्पो' या शब्दावर गेली. पण असे टेम्पो आणि असे तरुण जगात काय थोडे असतात? तिने स्वतःलाच दटावलं.

"पहिला फोन! बोला काका!"

"दहा वर्षं!" कडक काका गरजले. "पळाला ना? मग दहा. धडक चुकून बसते बाई, पळणं चुकून होत नाही!"

मफलरने मागच्या फळ्यावर भला मोठा दहा लिहिला आणि काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या. काकांची लाइन धरून ठेवली गेली. तिने दुसरं पान उलटलं.

पान वाचायच्या आधी डोळे खाली धावतातच. मधल्या ओळीवर ते पोचले आणि तिथेच थांबले. ती ओळ तिने आयुष्यात एकदा ऐकली होती. कोर्टात, बाबांच्याच तोंडून.

वकीलबाईंचा काय दोष? नावं काढलेला खटला त्यांनी निवडला होता, आणि आपल्याला भाऊ आहे हे हिने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आता लाइनवर बाबा होते. त्यांनी नुकतीच स्वतःच्या मुलाला दहा वर्षं दिली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ही ओळ वाचली की लागणार. मग शेवटी तिलाच विचारायचं होतं, आकडा तोच? आणि साऱ्या गावासमोर ते एकदा "तोच" म्हणाले, की ते खोके त्या खोलीतून कधीच हलणार नव्हते.

तिचा चेहरा बघून मफलरने खुणेने विचारलं, गाणं लावू? तिने मान हलवली. नको. ज्या आवाजात पहिलं पान वाचलं त्याच आवाजात तिने दुसरंही वाचायला घेतलं.

"तरुणाचा हा पहिलाच गुन्हा होता. त्याच संध्याकाळी त्याचे वडील त्याला हाताला धरून पोलीस चौकीत घेऊन गेले." ती थांबली नाही. "जखमी बाई कोर्टात म्हणाल्या, पाय गेला त्याचं दुःख आहेच, पण मी हाक मारत होते आणि तो पाठमोरा पळत होता, ते मला रोज दिसतं. आरोपीचे वडील कोर्टात म्हणाले, मुलगा माझा आहे म्हणून दया नको. द्यायची तेवढी शिक्षा द्या."

लाइनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तिला एकटीला ऐकू येईल एवढाच. फोन मात्र ठेवला गेला नाही.

मग बाकीच्यांनी रान उठवलं. एक मास्तर म्हणाले, बापाने स्वतः आणून दिला, तीन वर्षं पुष्कळ झाली. एका रिक्षावाल्याने मास्तरांना वेड्यात काढलं. एका नर्सने विचारलं की तो दहा वर्षं आत बसला तर त्या बाईंना पाय फुटणार आहे का? त्यावर एक बाई ताडकन म्हणाल्या, "माझ्या आईला असंच उडवून एकजण पळाला. तो अजून सापडला नाही. माझा आकडा दहाच. काकांचं बरोबर आहे." फळ्यावर आकड्यांची नुसती गर्दी झाली. मफलर लिहीत होता, पुसत होता, आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. असा कार्यक्रम पूर्वी झालाच नव्हता. आणि तिला या सगळ्यात एकच लाइन ऐकू येत होती, जिच्यावर कुणीच बोलत नव्हतं.

वेळ झाली.

"काका," ती म्हणाली. "तुमचा आकडा दहा होता. तोच ठेवायचा, की बदलायचा?"

काहीच आवाज नाही. रेडिओवर शांतता म्हणजे काय, ते मफलरला विचारा. तो दोन्ही हात पंख्यासारखे फिरवत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर गच्च दाबून ती बसून राहिली.

"पाकीट फोडू नकोस," काका म्हणाले. आज ते 'बाई' म्हणाले नाहीत, 'तुम्ही' म्हणाले नाहीत. "कोर्टाने चार दिली. मला माहीत आहे."

काचेपलीकडे वकीलबाईंनी चटकन पाकिटाकडे पाहिलं.

"आणि तुमचा आकडा, काका?"

"दहातले चार वजा केले की सहा राहतात ना?" त्यांनी विचारलं. "कोर्टाचे चार पुढच्या महिन्यात संपतील. उरलेली सहा वर्षं मी घरात ठेवली होती त्याच्यासाठी. एका खोलीत भरून. तो पळाला याचा राग मला आजही आहे, उद्याही राहील. पण त्याची शिक्षा कोर्टाने दिली. मी वेगळी द्यायची नव्हती. ती सहा पूस. ऐकतेस ना पोरी? पूस ती."

"ऐकतेय, बाबा," ती म्हणाली, आणि साऱ्या शहराने ते ऐकलं.

"आणि लवकर घरी ये. खोके एकट्याने हलत नाहीत माझ्याने." फोन ठेवला गेला.

मफलरचा हात फळ्यावर अर्ध्यात थांबला होता. त्याने सावकाश तो मोठा दहा पुसला आणि तिथे चार लिहिला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. पण फोनचे दिवे काही थांबायला तयार नव्हते. उलट आता तर ते पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. तिने नाक पुसलं आणि हाताला लागेल ती लाइन घेतली.

"मघाशी बोलले ती मीच," मघाच्या बाईंचा आवाज आला. "तुमचे काका मऊ पडले. माझा आकडा बदललेला नाही. दहाच लिहा."

"लिहिला, ताई."

बाईंच्या मागे कुणीतरी खोकत होतं. त्यांची आई असावी.

"पण त्या मुलाला न्यायला जा," त्या म्हणाल्या. "दारात कुणीतरी उभं पाहिजे."