खोलीची शांतता

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता रेडिओ केंद्राच्या छोट्या स्टुडिओतला लाल दिवा मालवला. ताईनं कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. काचेच्या अलीकडे बसलेली तिची धाकटी बहीण बटण दाबून म्हणाली, "थांब, खोली घेते." ताईला ते ऐकू गेलं नाही. रेकॉर्डिंग चालूच राहिलं.

खोली घेणं म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज टिपणं. कोणी बोलत नसलं तरी खोली गप्प नसते. पंख्याची घरघर असते, भिंतींचा म्हणून एक बारीक आवाज असतो. बोलण्यातल्या चुका कापल्या की त्या खाचांमध्ये ही शांतता भरायची. नुसती रिकामी जागा सोडली, तर ऐकणाऱ्याला रेडिओ बंद पडला असं वाटतं. ताईच्या कार्यक्रमाला तर ही शांतता पोत्यानं लागायची. 'सकाळचा श्वास' हा ध्यानाचा कार्यक्रम. त्यात अर्धा वेळ ताई बोलायची आणि अर्धा वेळ कोणीच नाही.

पण ताई थेट प्रसारणात मुरलेली. तिच्या लेखी दिवा गेला की माइक मेला.

आधी एक सुस्कारा आला. मग श्वास, एकावर एक, अंधारात पायरी चुकावी तसे. मग तोच आवाज, साऱ्या शहराच्या ओळखीचा, पण चिरका झालेला. "श्वासाकडे फक्त बघ. बघ फक्त... बघतेय ना! मेला थांबतच नाही. आत्ता नको. नको ना."

काचेपलीकडे ताई टेबलाची कड घट्ट धरून वाकली होती. धाकटी उठली नाही. तिनं माइकची पातळी थोडी वाढवली.

जरा वेळानं ताई तोंड पुसत बाहेर आली. "काय गं, झालं ना सगळं?"

"झालं. छान झालं."

धाकटीला केंद्रात सगळे 'कात्री' म्हणत. ती आधी बातम्या वाचायची. एका संध्याकाळी भर बातम्यांत तिचा श्वास अडकला, शब्द फुटेना, आणि तिची धाप शहरभर ऐकू गेली. लोक ते विसरलेही असते. पण केंद्राच्या वर्धापनदिनाच्या जेवणात ताईनं 'आमच्या गमतीजमती' म्हणून नेमकं तेच रेकॉर्डिंग लावलं. टेबलं खदखदली. साहेब तर डोळे पुसत हसले. "मनावर काय घेतेस, घरातलीच गंमत," ताई म्हणाली होती. पुढच्या आठवड्यात बातम्या गेल्या आणि हातात संकलनाची कात्री आली. वर ध्यानाच्या पहिल्याच भागात ताईनं सुरुवात केली ती अशी: "माझ्या घरातच एक व्यक्ती आहे, तिला मनाची भीती आवरता येत नव्हती..."

डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला रोज सकाळी ध्यान सांगितलं. विचार आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. धाकटीनं एक दिवस चुकवला नाही. गुणही आला. छातीतली धडधड उतरली, ती पुन्हा लिफ्टनं जाऊ लागली. बाकीचे विचार यायचे नि जायचे. एक मात्र ठाण मांडून बसला. ती रोज त्याच्याकडे शांतपणे बघायची आणि तो रोज जास्त लख्ख व्हायचा. आधी ताईचा राग आला की तिचे हात थरथरायचे. आता ते थरथरत नव्हते. औषधाचा हा गुण तिनं डॉक्टरांना सांगितला नव्हता.

दुपारी तिनं उद्याचा भाग जुळवायला घेतला. "आता काहीच करू नका. फक्त ऐका," असं ताई म्हणते आणि मग मोठी शांतता येते. आधी थोडी पंख्याची घरघर ठेवून, त्या शांततेत तिनं सकाळची खोली घातली. घरघर पुसट केली, धाप उठावदार केली. सांधा इतका साफ बसला की तिचा तिलाच अभिमान वाटला.

प्रसारण कक्षातून मास्तरांचा फोन आला. सकाळचे कार्यक्रम हवेवर सोडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "कात्री, भाग पाठवलास का?"

"पाठवला. ऐकून घेताय ना?"

"मी? तुझ्या ताईनं 'डोळे मिटा' म्हटलं की मी मिटतो बाई! परवा कार्यक्रम संपला तरी घोरत होतो. साहेबांनी हलवून उठवलं."

म्हणजे मध्ये कोणी ऐकणार नव्हतं.

संध्याकाळी जिन्यात ताईनं तिला गाठलं. "अगं ऐक. सकाळी तू आत बघत होतीस का?"

"काय झालं?"

"काही नाही. उपाशी होते, गरगरलं जरा. आईला बोलू नकोस."

"ध्यान करत जा, ताई."

"मलाच शिकव आता! तुझं बरंय, आत बसून कात्री चालवायची. मला लोकांपुढे जावं लागतं."

धाकटी एका पायरीवर थांबली. त्या जेवणाबद्दल ताई एक वाक्य बोलली असती, तरी तिनं परत वर जाऊन भाग बदलला असता. ताईनं पर्समधून किल्ल्या काढल्या.

"आणि हो, शनिवारी तुझी गोष्ट परत घेतेय. लोकांना फार आवडते. नाव नाही घेत हं मी."

"घे की," धाकटी म्हणाली. "लाजायचं काय त्यात?"

बुधवारी सकाळी सात वाजता आईनं रेडिओ लावला. आई धाकटीकडेच राहायची आणि रक्तदाबासाठी रोज ताईच्या आवाजावर ध्यानाला बसायची. आईचा विचार धाकटीनं केला नव्हता असं नाही. तो आला होता. नियमाप्रमाणे तिनं तो जाऊ दिला होता.

"ये गं, बस," आई म्हणाली. तिनं एक तळहात रेडिओवर ठेवला होता.

"हात कशाला ठेवतेस त्याच्यावर?"

"सवय लागली. तुला बातम्यांत धाप लागली होती ना, तेव्हा असाच ठेवला होता. तू इतकी लांब, दुसरं काय करणार होते मी? आता तुमच्यापैकी कोणीही लागलं की हात आपोआप जातो."

धाकटीच्या छातीत जुनी धडधड सुरू झाली. श्वासाकडे बघायला तिला वेळ नव्हता. तिनं फोन उचलून मास्तरांचा नंबर लावला.

"आता काहीच करू नका," ताई मऊ आवाजात म्हणाली. "फक्त ऐका."

आईनं डोळे मिटले. रेडिओतून पंख्याची घरघर येऊ लागली. फोनवर रिंग वाजत होती. मास्तरांनी अजून उचलला नव्हता.